पाध्यांना कळवायचं राहिलं

"...मग माझं हे भिजत घोंगडं तुम्ही आणखी किती दिवस ठेवणार, बुवा?"

श्रीरंगानं विचारलं आणि उपरण्यानं मान पुसली. एस.टी.तून उतरला तो घरी न जाता सरळ देवळात आला होता.

त्र्यंबकबुवा सभामंडपात खांबाला पाठ टेकून वाती वळत बसले होते. हातातली वात त्यांनी पुरी केली, तबकात ठेवली.

"कसलं घोंगडं?"

"कसलं म्हणजे काय, बुवा..."

आता हे कसलं, ते आधी सांगायला हवं. आंबेखोलच्या रामाच्या देवळात रामनवमीचं कीर्तन त्र्यंबकबुवांचं. बुवा मिसरूड फुटल्यापासून तिथं उभे राहत आलेले. गेल्या पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला तो बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या, मुंबईचा डॉक्टर झाला. बोलण्यापुरता आवाज परत आला, गाण्यापुरता आला नाही. तेव्हा यंदा गादीवर उभं कोण राहणार, हा गावात प्रश्न होता. खरं तर गावाला प्रश्न नव्हताच. श्रीरंग खांबेटे हा बुवांचा शिष्य. त्यांच्या घरी राहून, त्यांच्या विहिरीचं पाणी शेंदून शिकलेला. दुसरं कोण उभं राहणार? पण बुवा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. रामनवमी तर तोंडावर आलेली.

आणि श्रीरंग काही आता साधासुधा राहिला नव्हता बरं का. त्याचं नाव झालं होतं. नाव झालं ते एका आख्यानावर, आणि खरं सांगायचं तर त्या आख्यानाच्या नावावर.

कुठलंही वर्तमानपत्र उघडा. पुलाचं भिजत घोंगडं. नळयोजनेचं भिजत घोंगडं. बंदराचं, शाळेच्या छपराचं, अमक्याच्या बढतीचं. मथळे देणाऱ्या माणसाला दुसरा शब्दच सुचत नसावा. श्रीरंगानं हे हेरलं. त्रिशंकूचं जुनं आख्यान त्यानं घेतलं आणि फळ्यावर लिहायला लावलं, 'विषय : भिजत घोंगडं'. जुनी मंडळी नाकं मुरडत आली. कीर्तनाला असं नाव देतात होय, म्हणाली. पण आली. आणि पोट धरधरून हसून गेली. तेव्हापासून गुहागर म्हणू नका, सांगली म्हणू नका, जिथून बोलावणं येई तिथून एकच निरोप: ते घोंगडं करा.

तर असा हा श्रीरंग, आणि गुरू त्याला ताटकळत ठेवतोय. त्याला ते लागलं होतं. न लागून काय करेल?

"गादीचं म्हणतोय मी," तो म्हणाला. "गाव मला विचारतं. मी काय सांगू? हो तर हो म्हणा. नाही तर नाही म्हणा. माणसाला असं लटकत ठेवू नये."

बुवांनी मान वर केली.

"लटकत ठेवू नये..."

"नाही ठेवू."

"बरोबर आहे तुझं." बुवांनी तबक बाजूला सारलं. "तुझं ते आख्यान मी ऐकलेलं नाही. करून दाखव."

"आत्ता? पेटी नाही, तबला नाही..."

"मी टाळी देतो. उभा राहा. उत्तररंगच कर, आख्यान तेवढं."

रामासमोर मंडपाच्या मधोमध एक काळी फरशी आहे. तिला गावात नारदाची गादी म्हणतात. तिच्यावर जो उभा राहील तो तेवढ्या वेळापुरता नारद. मग तो वयानं पोर का असेना, कीर्तन संपलं की पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा त्याच्या पायाशी वाकतात. माणसाला नाही हो, जागेला. पण वाकलेला दिसतो तो माणसाच्या पायाशीच, आणि पाय बिचाऱ्यांना हा फरक कुठला कळायला.

श्रीरंग फरशीवर उभा राहिला. पहिल्या दोन वाक्यांना जरा चाचपडला. मग रंगला.

राजा त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचं होतं. तो वसिष्ठांकडे गेला. वसिष्ठ म्हणाले, होणार नाही. मग तो विश्वामित्रांकडे गेला. ते म्हणाले, का नाही होणार? मी धाडतो. आणि धाडलाही. वर पोचतोय तोच इंद्रानं ढकलला खाली. खाली येतोय तोच विश्वामित्र ओरडले, थांब! झालं. थांबला. वरही नाही, खालीही नाही. डोकं खाली, पाय वर.

"आणि मंडळी," श्रीरंगानं उपरणं झटकलं, "तो काय एकटा लटकलाय? अहो, आपल्या गावागावात त्रिशंकू लटकलेत. पुलाचे खांब उभे, वर पूल नाही. साहेब म्हणतो बघू. मामलेदार म्हणतो करू. आणि मुलाकडची मंडळी..."

इथं तो दोन्ही हातांनी बशी धरल्यासारखं करी. तोंडात घास असल्यासारखे गाल फुगवी. पोहे चघळत, डोळे मिटत, अगदी सावकाश म्हणे:

"...कळवतोऽऽ."

या जागेला लोक लोळत. बायका पदर तोंडाला लावत. चिपळूणला तर एक म्हातारा हसता हसता ठसका लागून बाहेर गेला होता.

बुवांची टाळी थांबली होती.

"छान करतोस," ते म्हणाले. "हे 'कळवतो' तू कुठून घेतलंस?"

"कुठून म्हणजे? दिसतं ते सगळीकडे. लोकांतलंच आहे."

"हं..."

मग बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, खांबाचा आधार घेत उठले, चालत फरशीजवळ आले. आणि काय करताहेत हे श्रीरंगाच्या ध्यानात येईपर्यंत वाकले. त्यांचा हात त्याच्या पावलाकडे गेला.

श्रीरंग चटका बसल्यासारखा मागे उडाला.

"बुवा... हे काय? तुम्ही?"

"गादीवर आहेस. रीत आहे."

"पण तुम्ही नाही..."

"का? म्हातारा आहे म्हणून?" बुवा वाकलेलेच होते. वाकूनच बोलले. "पाध्येही म्हातारे आहेत. ते वाकले तेव्हा मागे सरला नव्हतास."



पाध्ये.

खालच्या पाखाडीतले दिगंबर पाध्ये. त्यांची मुलगी कुमुद. गेल्या वर्षीच्या माघात श्रीरंग, त्याची आई आणि मामा पाध्यांकडे गेले होते. मुलगी बघायला. स्थळ बुवांनीच सुचवलं होतं. मुलगी शांत आहे, गळा बरा आहे, तुझ्या घराला साजेल, म्हणाले होते. पोहे झाले. वर ओलं खोबरं होतं. कुमुदनं एक पद म्हटलं, चांगलं म्हटलं. पाध्यांनी हात जोडून विचारलं, मग आम्ही काय समजावं? आणि श्रीरंगानं, पानाचा विडा तोंडात घालत, सांगितलं होतं...

काय सांगितलं होतं ते तो आता वर्षभर गावोगाव करून दाखवत होता.

घरी आल्यावर आई म्हणाली होती, "मग काय कळवू रे त्यांना?" मुलगी त्याला नको होती असं नव्हतं. हवी होती असंही नव्हतं. आपलं नाव होतंय, पुण्याकडचं एखादं बडं स्थळ चालून येईल, असं कुठंतरी मनात होतं. तो म्हणाला होता, "काही कळवू नको. असू दे हाताशी."

असू दे हाताशी. हेच शब्द. जणू छत्री.

मग दौरे सुरू झाले आणि पाध्ये मागे पडले. विसरला का? विसरला नव्हता. आठवण आली की पान उलटावं तशी ती बाजूला सारायची त्याला सवय झाली होती.

आणि दिवाळीनंतर पलीकडच्या गावात त्याचं घोंगडं झालं, तेव्हा पाध्ये आले होते. बाप-लेक दोघंही. कीर्तन संपल्यावर रांगेतून पाध्ये पुढं आले. टोपी काखेत धरली. वाकले. उठताना त्यांनी श्रीरंगाच्या तोंडाकडे एकदा बघितलं. काही विचारलं नाही. "छान झालं हो, बुवा," म्हणाले. श्रीरंगानं त्यांच्या कपाळाला बुक्का लावला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

हे बुवांना कसं कळलं, हा प्रश्न त्याच्या तोंडावर आला आणि तिथंच मेला.

"अध्येमध्ये चिपळूणचं एक स्थळ आलं होतं तिला," बुवा बोलत होते. ते आता सरळ झाले होते. "शाळामास्तर. पाध्यांनी परतवलं. बोलणं चालू आहे म्हणाले. बुवांच्या शिष्याकडचं आहे, बुवांनी घातलेलं आहे, मोडवत नाही म्हणाले. त्या मास्तराचं लग्नही झालं."

श्रीरंग खाली बघत होता. फरशीवरून उतरावं हेही त्याला सुचलं नव्हतं.

"सुरुवातीला ते मला विचारायचे. काही कळलं का? मी म्हणायचो, कळवेल हो, कामात आहे. पुढे पुढे ते विचारीनासे झाले. नुसते बघायचे..." बुवांचा बसका आवाज आणखी बसला. "मी त्यांच्या दारावरून जायचं सोडलंय, श्रीरंगा. मागच्या पाणंदीनं येतो देवळात. लाज वाटते."

आपला गुरू, गावानं ज्याला हात जोडावेत तो, काट्याकुट्यांच्या पाणंदीनं तोंड चुकवत देवळात येतोय. आणि कुणामुळे? हसायला लावलेल्या सगळ्या गावांतली सगळी माणसं त्याला एकदम दिसली, आणि ती हसत होती ती त्यालाच, असं त्याला वाटलं. खरंही होतं ते.

"तुम्ही मला बोलला का नाहीत, बुवा? कान धरायचा होता."

"धरायला हवा होता. वाटलं, आज कळवेल, उद्या कळवेल. माझंही चुकलंच." बुवा परत खांबाशी जाऊन बसले. "वसिष्ठ काय म्हणाले त्याला?"

"कुणाला?"

"त्रिशंकूला."

"नाही म्हणाले."

"तेव्हा तो कुठं होता?"

श्रीरंगानं डोळे मिटले. हे आख्यान त्याच्या जिभेवर खेळायचं. पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"जमिनीवर होता," तो म्हणाला.

बुवांनी कापूस हातात घेतला.

गाभाऱ्यात समई तडतडली. मग श्रीरंगाला एकदम मार्ग सापडला. चुकलेल्या माणसाला सापडतो तसा, घाईघाईनं.

"मी हो म्हणतो," तो म्हणाला. "आत्ता जातो आणि हो म्हणून येतो. याच वैशाखात लग्न उरकू. नारळ तुम्ही द्या."

"तुला ती हवी आहे?"

श्रीरंगानं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी काय विचारलं?"

"नाही तसं, पण मी त्यांचं इतकं..."

"मग तिला काय भीक घालायला निघालास?"

श्रीरंग अगदी हळू म्हणाला, "मग नकार सांगतो. पत्रिका जमत नाही म्हणून सांगतो. त्यांनाही बरं, मलाही..."

आपल्याकडे ही एक सोय आहे. मुलगी आवडली नाही, हुंडा कमी पडला, मुलाचं दुसरीकडे जमलं, काहीही असो, पत्रिका जमत नाही म्हणायचं. ग्रहांवर ढकलायचं. ऐकणाऱ्यालाही सगळं कळतं, पण कुणाचं तोंड काळं होत नाही. फार चांगली सोय आहे.

"तेव्हा म्हणाला असतास तर चाललं असतं," बुवा म्हणाले. "आता नाही."

"मग काय सांगू?"

"असेल ते."

"ते कसं सांगायचं, बुवा?"

बुवांनी वात वळायला घेतली. वर बघितलं नाही.

श्रीरंग फरशीवरून उतरला. पायऱ्यांशी येऊन वहाणा घातल्या. एकदा मागे बघितलं. मग खालच्या पाखाडीच्या वाटेला लागला.

वाट ती केवढीशी. पण त्या दिवशी ती सरेना. विहिरीवर दोघी बायका होत्या. "घोंगडंवाले बुवा आले," एक हसून दुसरीला म्हणाली. एरवी तो थांबला असता, दोन थट्टेचे शब्द टाकले असते. त्यानं मान खाली घातली आणि भरभर पुढं गेला.

पाध्ये ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. त्याला आगरात शिरताना बघून ते उठले, आणि उठताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून श्रीरंगाला परत फिरावंसं वाटलं. ती आशा होती. वर्ष उलटून गेलं तरी शाबूत.

"या या, बुवा. उन्हाचे आलात? अहो ऐकलंत का, श्रीरंगबुवा आलेत. कोकम करा."

आत भांडं वाजलं. मग घरात चिडीचूप झालं. कुणीतरी दाराआड येऊन उभं राहिलं, हे बांगड्यांवरून कळलं.

"बसा ना."

"उभाच बरा आहे, काका. मी..." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. हजार माणसांसमोर जी जीभ अडत नव्हती ती टाळूला चिकटली. "गेल्या वर्षीच्या माघात मी तुमच्याकडे येऊन गेलो होतो. कळवतो म्हणालो होतो. कळवलं नाही."

"असं असं. कामात होतात. आम्ही जाणतो ना."

"कामात नव्हतो. माझ्याकडून नकार आहे, काका."

पाध्यांच्या हातात अजून सुपारी होती. ती त्यांनी सुपात ठेवली.

"बरं..." ते म्हणाले. मग त्यालाच मदत करावी तसे, "पत्रिकेचं काही निघालं का?"

हे म्हणजे बुडत्याच्या हातात दोर देण्यासारखं झालं. नुसतं हो म्हटलं असतं तर सुटला असता. त्यानं मान हलवली.

"पत्रिका मी बघितलीच नाही. मला याहून मोठं स्थळ मिळेल असं वाटलं. म्हणून तुमचं हाताशी ठेवलं."

आगरात कावळा ओरडत होता. पाध्ये त्याच्याकडे बघत नव्हते, सुपाकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

दार उघडलं. कुमुद बाहेर आली. हातात कोकमाचा पेला होता. तिनं तो त्याच्यासमोर धरला. त्याला घ्यावाच लागला.

"एवढंच ना?" ती म्हणाली.

"हो."

"हे पोस्टकार्डावर मावलं असतं."

"कुमुद," पाध्ये म्हणाले.

"मी काही वावगं बोलत नाहीये, बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं ते कीर्तन मी ऐकलंय, बुवा. त्या पोह्यांच्या जागेला मीही हसले. बाबा हसत होते, म्हणून हसले. ते का हसत होते तुम्हाला ठाऊक आहे? आजूबाजूचे सगळे आमच्याकडे बघत होते."

श्रीरंगाला पेला खाली ठेवायला जागा दिसेना. पायाखालची जमीन दुभंगती तर बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"माझ्या हातून फार वाईट झालं," तो म्हणाला. "क्षमा..."

"कोकम घ्या. गरम होईल."

त्यानं ते घेतलं. शेवटच्या घोटापर्यंत सगळं घेतलं. पाध्ये तोवर सावरले होते. ते त्याला पोचवायला आगराच्या गडग्यापर्यंत आले. ह्या माणसानं दाराशीच थुंकायला हवं होतं, असं श्रीरंगाला वाटत होतं. पण पाध्ये म्हणाले, "बरं झालं आलात. आता आम्हाला दुसरीकडे बघायला मोकळीक झाली," आणि त्यांनी हात जोडले. सवयीनं ते किंचित वाकले.

या वेळी श्रीरंगच वाकला. पार खाली. पाध्यांच्या मातीनं भरलेल्या पावलांना त्यानं डोकं लावलं. ते "अहो, अहो" म्हणत मागे सरले.

तो देवळात परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. बुवांच्या वाती वळून झाल्या होत्या. ते समईत तेल घालत होते. त्यांनी विचारलं नाही, काय झालं म्हणून. श्रीरंग मंडपाच्या कडेला, फरशीपासून दूर, भिंतीला धरून बसला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"हं..."

"असेल ते सांगितलं."

बुवांनी वात पुढं सारली.

"मला वाटलं होतं, एकदा तोंडातून काढलं की मोकळं वाटेल. नाही वाटत, बुवा. गेलो तेव्हा होतं त्याहून जड झालंय. तिनं मला कोकम दिलं. शिव्या दिल्या असत्या तर..." त्यानं उपरणं तोंडाला लावलं. जरा वेळानं काढलं. "हे आख्यान मी आता करणार नाही. फळ्यावर ते नाव लावणार नाही."

"ते तुझं तू बघ."

समई लागली. बुवांनी हात जोडले, रामाला एकदा आणि ज्योतीला एकदा. मग ते सावकाश त्याच्याजवळ येऊन बसले. दोघंही बाहेर बघत राहिले. विहिरीवरच्या बायका हंडे घेऊन घरी चालल्या होत्या.

"आणि सकाळी मी जे मागायला आलो होतो," श्रीरंग म्हणाला, "ते मागत नाही. आवाजाचं काय, कुणालाही शिकवून तयार करता येईल. तुम्ही दुसरा कुणी बघा."

बुवांनी बोटांना लागलेलं तेल धोतराला पुसलं.

"खरंच सांगतो. ती फरशी तिथं दिसतेय ना, तिच्याकडे बघवत नाही मला. पाध्ये समोर बसणार, ती बसणार, आणि मी तिथं उभा राहून देवाचं नाव घेणार... मला त्या जागेवर उभं राहायची लाज वाटते, बुवा."

बुवांनी त्याच्याकडे वळून बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं.

"वाटते?"

"वाटते."

"मग रामनवमीला तू उभा राहा."